मराठीत सांग, म्हटलं मी

माझी चूक मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी म्हणायला नको. एका पोरीनं जी गोष्ट जीव मुठीत धरून कन्नडात कुजबुजली, ती मी मराठीत मोठ्यानं बोलून दाखवली. एवढंच केलं मी. पण तेवढ्यानं तिची सुटायची वाट बंद झाली.

मी कौशल्या. बनशंकरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं नर्स आहे, राहते चामराजपेटेत. आमचे लोक बेंगळुरात किती पिढ्या आहेत ते आम्हालाच सांगता येत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. 'स्वल्प थांब गं' असलं आमचं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं हसतात. हसू देत. आम्हाला लहानपणापासून मराठीचा वेगळाच उपयोग. साडीच्या दुकानात आई शेटच्या तोंडावर सांगायची, "रंग जाईल हिचा, ऊठ," आणि शेट आपला हसत आणखी साड्या उलगडायचा. मराठीत बोललं की दार लावून बोलल्यासारखं वाटतं आम्हाला. ही सवय फार वाईट निघाली.

हॉस्पिटलात माझं काम शिकवायचं. साखरेच्या पेशंटला पाय कसे तपासायचे, बाळंतिणीला दूध कसं पाजायचं, कुठली गोळी कशाबरोबर घ्यायची नाही. "गोत्तायता?" म्हणजे समजलं का, असं विचारलं की सगळे मान डोलवतात. मान डोलवण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मी त्यांच्याच तोंडून परत वदवून घेते. आणि पेशंट काही बोलला की ते मी माझ्या शब्दांत परत म्हणते, "म्हणजे असं झालं, बरोबर ना?" आमच्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवलंय, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आणखी एक शिकवलंय. बाईच्या अंगावर खुणा दिसल्या की तिला एकटीला गाठून सरळ विचारायचं, घरी कुणी मारतं का? आडून आडून नाही.

शाल्मली शनिवारी आली. अठ्ठावीस वर्षांची, पाचवा महिना, उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलेलं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तिचा नवरा अवधूत म्हणाला. तीही तेच म्हणाली, त्याच्याच शब्दांत, त्याच क्रमानं. बाळाचे ठोके ठीक होते, पण डॉक्टर मॅडमनी दोन दिवस ठेवून घेतलं. हाताला प्लास्टर घालताना बाही वर सरकवली तर दंडावर चार बोटांचे डाग, पिवळे पडलेले. पडल्यानं बोटं उमटत नाहीत हो.

अवधूत कंप्युटरवाला, पुण्याचा. माझं नाव ऐकून खूश झाला. "काकू, तुम्ही आपल्यातल्याच! बरं झालं, इथे कुणाशी मराठी बोलायला मिळत नाही." चार वर्षं इथं राहून त्याला कन्नडातलं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. माझ्यासाठी कॉफी आणायचा. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. डाग बघूनसुद्धा स्वल्प वाटलंच, की इतका गोड बोलणारा मुलगा, दुसरंच काही असेल.

रविवारी मी त्याला बाळाच्या स्कॅनचा रिपोर्ट आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, पडदा ओढला आणि तिच्याजवळ बसले. "शाल्मली," मी मराठीतच विचारलं, "घरी कुणी हात उगारतं का गं तुझ्यावर?"

ती उशीकडं बघत राहिली. मग कन्नडात म्हणाली, "मी ठीक आहे, सिस्टर."

मी चाट पडले. वर्ध्याची पोर, आणि कन्नड असं, की भाजीवालीनं खूश होऊन मापाच्या वर एक भेंडी जास्त टाकावी. घरकामाला येणाऱ्या चिक्कतायम्मानं शिकवलं, म्हणाली. दिवसभर त्या दोघीच घरात.

"अगं, मग माझ्याशी कशाला कन्नड?" मी चिडवलं. "आम्ही एवढ्या पिढ्या मराठी सांभाळली आणि तू चार वर्षांत सोडलीस होय? आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलावं. मराठीत सांग."

तिनं मान हलवली. आवाज आणखी खाली आणून, कन्नडातच, तिनं सगळं सांगितलं. ती पडली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं हात पिरगळला, हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. पहिल्यांदा नव्हतं हे. पोटातल्या बाळाची भीती वाटते, म्हणाली. परत त्या घरात जायचं नाही, पण जायचं कुठं?

आणि मी, अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं, तिचा हात हातात घेऊन मराठीत म्हटलं, "म्हणजे तू बाथरूममध्ये पडली नाहीस. अवधूतनं तुझा हात पिरगळून मोडला, आणि तुला आता घरी जायचं नाही. बरोबर ना?"

तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं चक्कर येतेय. तिनं उशीखालून फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. कॉल चालू होता, बारा मिनिटं झाली होती. वर नाव, अवधूत.

"ते बाहेर गेले की कॉल चालूच ठेवायचा असतो," ती म्हणाली. तेही कन्नडातच. "म्हणून मी कन्नडात..."

पुढचं बोलायची गरजच नव्हती. आकडा पुढं सरकत होता आणि मग आमच्या डोळ्यांदेखत कॉल बंद झाला.

अय्यो देवा! मी बटण दाबून डॉक्टर मॅडमना बोलावलं, सगळं सांगितलं. मॅडमनी पोलिसांना कळवलं. पण अवधूत त्यांच्या आधी पोचला. ओरडला नाही, काही नाही. हातात रिपोर्ट, चेहऱ्यावर तेच हसू. "काकू, हिला गोळ्यांनी भ्रम होतोय. तुम्ही कशाला मनावर घेता?" आणि त्यानं फोन लावून तिच्या हातात दिला. वर्ध्याला तिचे वडील होते. जिना चढता चढताच त्यानं त्यांना सगळं आपल्या पद्धतीनं सांगून ठेवलं होतं.

वडिलांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "शालू, अगं हॉस्पिटलात तमाशा करायचा नसतो बेटा. संसारात थोडं इकडंतिकडं होतं. जुळवून घे. जावई किती काळजी करताहेत."

थोड्या वेळानं हवालदार आला. मी म्हटलं, तिला एकटीला विचारा. त्यानं विचारलं, पडद्याच्या आत उभं राहून, पण अवधूत पडद्याच्या बाहेर दोन हातांवर होता. ती म्हणाली, "मी पडले." डाव्या हातानं सही केली, लहान मुलांसारखी वेडीवाकडी. मॅडम खूप बोलल्या, मी बोलले, पण तिनं तोंड मिटून घेतलं ते घेतलंच. आमचा तिला उपयोग तो काय होता? मी तर माझ्या गळ्यातला आवाज उपटून फेकावा म्हणत होते.

सोमवारी त्यानं डिस्चार्ज मागितला. आता तिला आणि मला बोलायला मिळणार होती ती फक्त शेवटची दहा मिनिटं, गोळ्या समजावून सांगायची. आणि अवधूत खुर्ची ओढून मध्येच बसलेला, फोन मांडीवर.

मी गोळ्यांची पाकिटं घेतली आणि कन्नडात सुरू केलं.

"काकू, मराठीत सांगा ना," तो म्हणाला.

"ड्यूटीवर मराठी चालत नाही हो," मी म्हटलं. "डिस्चार्जचं सगळं कन्नडात सांगायचं, तसं रजिस्टरात लिहावं लागतं." धडधडीत खोटं. आयुष्यात इतकं सफाईनं मी कधी खोटं बोलले नाही. "तिला येतं की. तुम्हाला नंतर सांगेल ती."

लोहाच्या गोळ्यांचं पाकीट वर धरून मी कन्नडात म्हटलं, "गुरुवारी प्लास्टर दाखवायला ये. हे ऑफिसला गेले की चिक्कतायम्माला घेऊन रिक्षानं ये. दहा ते एक मी खाली ओपीडीत आहे." मध्येमध्ये 'आयर्न', 'टॅब्लेट' हे शब्द टाकत होते, त्याच्या कानाला बरं वाटावं म्हणून. कॅल्शियमची बाटली उचलली. "फोन घरीच ठेव, कॉल चालू ठेवून, टीव्हीजवळ. कागदपत्रं फाईलमध्ये घाल. इथून तुला घेऊन जाणारी बाई मी बोलावून ठेवते, राहायची सोय आहे." मग सूज उतरायची गोळी. "त्याच्या आधी त्याचा आवाज चढला तर स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये थांबू नकोस. बाहेरचं दार जिथं आहे तिथं जा. चिक्कतायम्माच्या फोनवरून एक-आठ-एक लाव, बायकांच्या मदतीचा नंबर आहे तो. गोत्तायता?"

तिनं मान डोलवली. मी म्हटलं, मान नको, बोलून दाखव.

त्या पोरीनं एकेक पाकीट डाव्या हातात घेऊन सगळं परत म्हणून दाखवलं. गुरुवार, रिक्षा, टीव्ही, कागद, दार, एक-आठ-एक. एक शब्द चुकली नाही. माझ्या आयुष्यात इतका हुशार पेशंट मी शिकवलेला नाही.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"लोहाची गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही," शाल्मली मराठीत म्हणाली. "कॅल्शियम वेगळ्या वेळी."

"एवढ्याला इतकं बोलणं?" तो हसला.

मंगळवार, बुधवार मी घड्याळाकडं बघत काढले. बुधवारी सकाळी डोसा तव्यावर करपला तेव्हा आमचे हे, जयसिंगराव, म्हणाले, "अगं, तू मुद्दाम केलंस का? चूक झाली, झाली."

"झाली म्हणून काय?" मी त्यांच्यावरच उखडले. "हात तिचा मोडलाय, तुमचा नाही. घरी तिच्याबरोबर तो आहे, मी नाही." त्या बिचाऱ्यांनी करपलेला डोसा खाऊन टाकला. माझ्या रागाला दुसरं कोण मिळणार?

गुरुवारी मी साडेनऊलाच ओपीडीत जाऊन बसले. महिलांच्या निवाऱ्यातली बाई सकाळी दहालाच येऊन मागच्या खोलीत थांबली होती. साडेदहा झाले. अकरा. प्रत्येक रिक्षाला मी दारापर्यंत जाऊन येत होते. वॉचमन म्हणाला, "अक्का, कुणी मंत्री यायचाय का?" त्याला मी काय बोलले ते इथं सांगत नाही.

साडेबाराला ती आली. बरोबर अवधूत.

"वर्क फ्रॉम होम घेतलं, काकू," तो म्हणाला. "हिला एकटी सोडवत नाही. आणि ती कामवाली काढून टाकली. दिवसभर दोघी कन्नडात काय कुजबुजायच्या, देव जाणे."

शाल्मली समोरच्या बाकावर बसली होती. फाईल डाव्या हातानं घट्ट धरलेली, प्लास्टरच्या हाताखाली दाबलेली. ती फुगलेली होती. म्हणजे कागद आणले होते तिनं. सगळं मी सांगितल्याप्रमाणं केलं होतं पोरीनं, फक्त तो मध्ये आला होता.

मी प्लास्टर बघायच्या निमित्तानं वाकले, बोटं हलवायला सांगितली, आणि हळूच कन्नडात तोंड उघडलं. तेवढ्यात अवधूतनं फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

"बोला काकू, खुशाल कन्नडात बोला," तो म्हणाला. "हे ॲप सगळं इंग्लिशमध्ये लिहून दाखवतं. सोमवारीच सुचायला हवं होतं मला."

फोनवर हिरवी रेघ हलत होती, माझ्या आवाजाची वाट बघत. मी तोंड मिटलं. मराठी त्याची, कन्नडही आता त्याचीच. शिकवण्यात जन्म घालवलेली बाई मी, माझ्याकडं एक शब्द उरला नाही. ओपीडीत पंचवीस-तीस माणसं होती, कुणी खोकत होतं, कुणाचं मूल रडत होतं, आणि मी त्या पोरीच्या बोटांकडं बघत बसले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

"झालं ना चेक? चला," तो म्हणाला.

शाल्मली उठली नाही.

"सिस्टर," ती म्हणाली. मराठीत. सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मला अवधूतबरोबर घरी जायचं नाही."

तो हसतच होता. "शाल्मली, हळू बोल. लोक बघताहेत."

"बघू देत. मी पडले नव्हते. हात ह्यानं मोडला. मीठ जास्त झालं म्हणून मोडला." तिचा आवाज फाटत होता पण ती थांबत नव्हती. "मी आता घरी जाणार नाही. मला मॅडमना सांगायचंय, पोलिसांनाही सांगायचंय. परत पडले म्हणणार नाही मी."

तिथल्या लोकांना मराठी कळलं नसेल, पण एका बाईला आवाज फुटलाय एवढं कुणालाही कळतं. खोकणाऱ्या म्हाताऱ्यानं खोकणं थांबवलं. अवधूतनं तिचा दंड धरला, त्या पिवळ्या डागांवरच, आणि मग माझं डोकं फिरलं.

"हात काढ!" मी ओरडले. "हात काढ तिच्या अंगावरचा, नाहीतर अठ्ठावीस वर्षांची नोकरी गेली खड्ड्यात!" आणि मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. वॉचमन धावत आला, मागच्या खोलीतली बाई आली, डॉक्टर मॅडम स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून बाहेर आल्या. अवधूतनं हात काढला. एवढा वेळ काकू काकू करणाऱ्याला आता माझं नातं आठवेना. "तुम्ही हिला शिकवलंत हे," तो म्हणाला.

शिकवलं असतं तर बरं झालं असतं हो. मी नव्हतं शिकवलं. मी शिकवलेलं सगळं दारातच मोडून पडलं होतं.

मॅडम तिला म्हणाल्या, पोलिसांना बोलावू ना? ती म्हणाली, बोलवा. पण अवधूतकडं अजून एक डाव होता. त्यानं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढं धरला. "बोल. तुझ्या बाबांना सांग काय चाललंय ते."

"शालू?" वडिलांचा आवाज आला. "बेटा, काय गं हे? जावई म्हणताहेत तू चारचौघांत..."

मी फोन हिसकावणार होते. शाल्मलीनं डाव्या हातानं मला अडवलं.

"बाबा, ह्यानं माझा हात मोडला," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही जुळवून घे म्हणालात म्हणून मी पोलिसांना खोटं सांगितलं. आज नाही सांगणार. तुम्ही या. नाही आलात तरी मी त्या घरात जाणार नाही."

पलीकडं कुणी बोलेना. फोन लागलेला होता, नुसता पंख्याचा आवाज येत होता. अवधूतच्या चेहऱ्यावर हसू परत यायला लागलं. मला वाटलं, संपलं. ही पोर आता मोडणार, आणि मी तिच्यासाठी काय करू?

मग फोनमधून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि लांबून एका बाईचा आवाज. तिची आई असणार. रविवारी ती फोनवर आलीच नव्हती.

"द्या इकडं," ती कुणाला तरी म्हणाली. मग जवळून, फार हळू, "शालू, कुठला हात गं?"

"उजवा, आई," शाल्मली म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.